अकरा नंबरचं पेडल

गिटारचं पेडल म्हणजे काय, हे मला दर वेळी सांगावं लागतं, म्हणून आधी तेच सांगतो. तळहातावर मावेल एवढी ॲल्युमिनियमची डबी असते. एका बाजूनं गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूनं ॲम्प्लिफायरकडं बाहेर पडते. वरचं बटण पायानं दाबलं की गिटारचा कोरा आवाज दाट आणि खरखरीत होतो. परदेशात काही कारागीर अशी पेडलं हातानं आणि अगदी मोजकी बनवतात. ती मिळवायला लोक वर्षानुवर्षं थांबतात. मी त्यांच्या नकला बनवतो. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, रविवारी सकाळी. आजवर तेरा पूर्ण झाली, चौदावं थोडक्यात राहिलं आहे.

माझी नोकरी मोजण्याची. पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. माप बरोबर असलेल्या भागावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, चुकलेल्यावर लाल. ज्यानं ठिपका दिला, जबाबदारी त्याची. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळं पेडल बनवतानाही प्रत्येक सांधा मीटरनं तपासून त्यावर काडीच्या टोकानं पिवळा ठिपका द्यायची सवय लागली. पेडल पूर्ण झालं की किती व्होल्टला किती करंट घेतं ते वहीत लिहायचं आणि खालच्या पत्र्यावर पंचानं ठोकून ‘नक्कल’ हा शब्द आणि नंबर उमटवायचा. मूळ कारागिराचं नाव किंवा चित्र डबीवर टाकायचं नाही, आणि पेडल विकायचं नाही. हे नियम माझे मीच घातलेले.

“भाजीत मीठ घालताना पण मीटर लावा एकदा,” बायको म्हणते. मी म्हणतो, तुझा हात कॅलिब्रेट केलेला आहे, गरज नाही.

विकायची नाहीत, तर मग बनवायची कुणासाठी? बहुतेक एकाच माणसासाठी. माझा कॉलेजपासूनचा मित्र. आम्ही दोघं एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. मी नोकरीला लागलो आणि वाजवणं सुटलं. त्यानं सोडलं नाही. लग्नं, गणपतीतले कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि आता शिकवण्या. रविवारी नऊला तो यायचा आणि गॅलरीच्या दारात मोड्यावर बसून भडंग खात माझं काम बघायचा. मी सोल्डर करायचो, तो वाजवून बघायचा. आवाज बरोबर आहे की नाही, हे शेवटी त्याचे कान ठरवायचे. माझ्याकडं आकडे होते, त्याच्याकडं कान. मला ही वाटणी चांगली वाटायची.

अकरावं पेडल आम्ही दोघांनी मिळून केलं असं मी समजत होतो. त्याचं मूळ फार मानाचं. मित्रानं पुण्याच्या एका वादकाकडून ते आठ दिवसांसाठी आणलं होतं. मी मागचा पत्रा काढला तर आत सर्किट दिसेचना. सगळ्यावर काळं एपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट रसायन, ओतलेलं होतं, डांबरासारखं घट्ट.

“हे काय चिकटवलंय रं?” त्यानं विचारलं.

“आतलं कुणी बघू नये, कुणी नक्कल करू नये म्हणून ओततात.”

“मग खरवड की.”

“दुसऱ्याची वस्तू आहे. खरवडायची नाही.”

पत्रा मी परत लावून टाकला. अशा पेडलांचा आराखडा हौशी लोकांनी इंटरनेटवर मांडलेला असतो, त्यावरून काम केलं. सगळा आवाज डायोड नावाच्या दोन बारीक भागांवर ठरतो आणि ते जुन्या पद्धतीचे, जर्मेनियमचे लागतात. जुन्या बाजारातून मोडके रेडिओ आणून त्यातले काढले. चाळीस डायोड मोजले. बोटांनी धरले तर अंगाच्या उबेनं आकडा उतरतो, म्हणून चिमट्यानं धरायचे आणि मिनिटभर थांबून मग आकडा लिहायचा. चाळिसातून एक जोडी निघाली, एक ३५१ आणि दुसरा ३५२ मिलिव्होल्टचा.

पेडल झाल्यावर मी मित्राला पाठ करून बसवलं. कधी मूळ, कधी नक्कल अशी वायर जोडून एकच सूर वाजवायचो आणि कुठलं ते त्यानं ओळखायचं. दहा वेळा केलं. पाच वेळा बरोबर, पाच वेळा चूक. म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

“आता ह्याला नक्कल कोण म्हणंल, मर्दा?” तो म्हणाला.

मी हसलो होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्या हसण्यात माझा गर्व होता.

पत्र्यावर ‘नक्कल ११’ ठोकून ते पेडल मी त्याला दिलं. त्याआधी चार दिली होती, हे पाचवं; बाकीची माझ्याच कपाटात आहेत.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, एका शनिवारी संध्याकाळी, वाद्यांच्या दुकानदारानं पत्ता देऊन एका मुलीला माझ्याकडं पाठवलं. वय पंचविशीच्या आतबाहेर. राधानगरीकडची, इथं एका शाळेत संगीत शिकवते. तिच्या पेडलचा आवाज मधेच जात होता.

“काका, जपून हं. फॉरेनचं ओरिजिनल हाय,” ती म्हणाली. “ज्यांनी दिलं त्यांनी बजावलंय, कुणाला उघडायला देऊ नको म्हणून. पण आता वाजतच न्हाय, मग काय करू?”

डबीला काळा रंग होता. माझी करडी असते. पत्रा कोरा होता. उघडल्यावर आत काळं एपॉक्सी दिसलं, वेडंवाकडं ओतलेलं, एका कोपऱ्यात फुगे आलेले. मूळ पेडल मी पाहिलं होतं, त्यात फुगे नव्हते. तरी आधी करंट मोजला. सोळा पूर्णांक चार मिलिॲम्पिअर. हा आकडा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला. मी वही काढली. अकरा नंबरपुढं तोच लिहिलेला होता. एक आकडा जुळला म्हणून निकाल द्यायचा नसतो, हे मी कारखान्यात नव्या माणसांना शिकवतो. म्हणून तिला विचारलं, “एपॉक्सी काढल्याशिवाय बिघाड सापडणार नाही. काढू?”

“काढा की.”

गरम हवेच्या गननं एपॉक्सी मऊ करत, बांबूच्या काडीनं मी ते थोडं थोडं सोलत गेलो. ती शेजारी बसून बोलत होती. आताच्या नव्या गिटारआधी तिच्याकडं मामाची जुनी गिटार होती. मामानं ती मुंबईत कुणाकडून आणलेली, तिला पहिले सूर त्याच गिटारवर शिकवलेले. मामा आता नाही. ती गिटार देऊन तिनं हे पेडल घेतलं होतं. देणारे स्वतः वादक, शिकवण्याही घेतात. तिनं नाव सांगितलं, माझ्या मित्राचं. ते ऐकायच्या आधीच मला कळलं होतं.

“जरा वाईट वाटलं देताना,” ती म्हणाली. “पण ते म्हणाले, असलं पेडल सगळ्या जिल्ह्यात एकच हाय. मी विचारलं, आपल्याकडं कुणी बनवत न्हाय का? तर हसले. म्हणाले, आपल्याकडं असलं कोण बनवतंय? आपल्याकडं पंपाचं पार्ट बनत्यात.”

मी काडी पुन्हा एपॉक्सीखाली घातली.

एपॉक्सीचा एक तुकडा सुटला आणि खाली पिवळा ठिपका दिसला. पुढच्या सांध्यावर दुसरा, त्याच्यापुढं तिसरा. सगळं सोलून होईपर्यंत मी बारा मोजले.

बिघाड साधा होता. एपॉक्सी आक्रसताना एक सांधा ओढला जाऊन तडकला होता. एपॉक्सी नसतं तर माझा सांधा तुटला नसता. सोल्डर करायला दोन मिनिटं पुरली. आवाज आला. तिनं माझ्या गिटारवर एक सूर वाजवला आणि खूश होऊन हसली. तेवढ्यावर तिला जाऊ देता आलं असतं. तिला आवाज मिळाला होता आणि तो मूळ पेडलसारखाच होता, हे मीच मोजून सिद्ध केलं होतं. सांगितलं तर तिची मामाची गिटार परत मिळण्याची शक्यता होती आणि माझी तीस वर्षांची मैत्री जाण्याची. मी चहा ठेवायला सांगायच्या निमित्तानं आत गेलो. बायकोनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि गॅस बंद केला. मी सगळं सांगितलं.

“तुमचा ठिपका हाय न्हवं त्यावर?” ती म्हणाली. “मग?”

बाहेर येऊन मी वहीचं पान आणि पिवळे ठिपके मुलीसमोर ठेवले. हे पेडल मी बनवलेलं आहे, नक्कल आहे, कुणाला दिलं होतं ते सांगितलं. तिनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

“म्हंजे तुम्हाला म्हायती हुतं?”

“नाही. आत्ता कळलं.”

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. न ठेवण्याचा तिला अधिकार होता. दुसऱ्या दिवशी रविवार. तो नऊला येतो, तूही ये, असं मी म्हणालो. आमच्याकडच्या मुली मुलग्यांसारखं बोलतात, त्या रीतीनं “येतो” म्हणून ती गेली.

रविवारी तो नेहमीसारखा आला. माझ्या कामाच्या बाकावर काळी डबी उघडी पडलेली आणि शेजारी ती मुलगी बसलेली बघून दारातच थांबला. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. मी वही तयार ठेवली होती. त्यानं वहीकडं बघितलंसुद्धा नाही.

“सांगितलंस व्हय?” एवढंच म्हणाला, आणि मोड्यावर बसला.

“एपॉक्सी का ओतलंस?”

“तूच सांगितलतंस की, आतलं कुणी बघू नये म्हणून ओतत्यात.” मग आवाज चढला. “आणि तू तरी कुठला सोवळा, लेका? त्या गोऱ्याचं डिझाइन तू उचललंस, तुझं मी उचललं. फिटलं. हिला आवाज पायजे हुता, मिळाला. दहात पाच! विसरलास व्हय? तूच म्हणालतास, फरक न्हाय.”

“मी पत्र्यावर नक्कल म्हणून ठोकलं होतं.”

“पत्र्यावर ठोकून चोरी फिटती व्हय?”

त्या परदेशी कारागिरानं एपॉक्सी ओतून ‘बघू नका’ म्हटलं होतं आणि मी दुसऱ्या वाटेनं बघितलं होतं, हे खरं आहे. पण मला लागलं होतं ते वेगळंच, आणि तेही मी विचारून टाकलं.

“आपल्याकडं असलं कोण बनवतंय, असं म्हणालास?”

भडंगाची वाटी बायकोनं सवयीनं भरून ठेवली होती. त्यानं वाटीकडं बघितलं, हात लावला नाही.

“ते बोलावं लागतंय, मर्दा,” खाली बघत तो म्हणाला. “राजारामपुरीत एकजण गॅलरीत बनवतोय म्हटल्यावर घेतंय कोण?”

मुलगी म्हणाली, “सर, माझी गिटार?”

गिटार त्याच्याकडंच होती. ती त्यानं कुणाला दिलेली नव्हती. स्वतःच वाजवत होता. तासाभरात तो ती घेऊन आला, तिच्या हातात दिली आणि जिना उतरून गेला. मुलीनं तिथंच केस उघडून तारा बघितल्या. एक तार त्यानं नवी घातली होती. तिनं ती काढून टाकायला सुरुवात केली, मग राहू दिली.

पेडल तिनं माझ्यापुढं सरकवलं. मी म्हटलं, तुला आवाज आवडला असेल तर ठेव, पत्रा बदलून देतो. तिनं मान हलवली. “नको काका. आता वाजवताना तेच आठवंल.”

जिन्यात तो वळत असताना मी त्याला एक गोष्ट विचारली होती, ती सांगायची राहिली. एक, चार, सहा आणि नऊ नंबरची, त्याला आधी दिलेली पेडलं. ती कुठं आहेत?

“मोजत बस,” तो म्हणाला होता.

या गोष्टीला आता चार महिने होत आले. वहीत त्या चार नंबरांपुढं मी ‘ठावठिकाणा माहीत नाही’ असं लिहिलं आहे. कुठल्यातरी घरात कुणीतरी ती मूळ म्हणून जपत असेल आणि आत माझे ठिपके असतील. जबाबदारी ठिपका देणाऱ्याची, म्हणून वाद्यांच्या दुकानदाराला निरोप देऊन ठेवलाय. एपॉक्सी भरलेलं पेडल आलं तर माझ्याकडं पाठव, म्हटलंय. अजून एकही आलेलं नाही.

चौदावं पेडल गॅलरीत तसंच आहे. ते त्याच्यासाठी होतं. सर्किट पूर्ण आहे, आकडे बरोबर आहेत, फक्त वाजवून बघायचं राहिलं आहे. परवा मी स्वतः गिटार काढली. एक सूर वाजवला, परत वाजवला. बरोबर आहे की नाही, मला सांगता आलं नाही.