खंड्याचं उलटं गणित

आमच्या चाकूरकडच्या गावात मेंढरं राखणारे ग्यानोबामामा बोलायच्या आधी घसा खाकरतात, बिडी कानामागं सारतात, मग म्हणतात, "आता बघ, गोष्ट अशी हाय."

दुष्काळात त्यांची गोष्ट अशी होती, की जो पळंल त्याला भूक लागंल. बरीच मेंढरं नांदेडकडच्या पाहुण्यांकडं धाडलेली. उरलेल्या बारांच्या राखणीला खंड्या कुत्रा. उड्या मारून त्याची भूक वाढू नये म्हणून मामांनी त्याला बाभळीला बांधलं.

झालं भलतंच. खंड्या भाकरीला नाक लावीना. दिसंल त्याच्यावर गुरगुरायचा. बरगड्या दिसायला लागल्या. माळावर लांडगा फिरत होता, आणि राखणदार असा.

"बसून खायचं, तरी वाळून राहिलंय. कामून?" मामा म्हणाले.

"जिल्ह्याच्या डॉक्टरला दावा," कोंडाबाईमामी म्हणाल्या.

"कोणच्या जिल्ह्याच्या? जिल्हा आत्ताच फुटलाय. कागद उस्मानाबादचे, साहेब लातूरला. कुत्र्यानं जावं कुठं?"

तेवढ्यात विहिरीचं पाणी आणखी खाली गेलं. पोहऱ्याचा दोर पुरेना, म्हणून मामींनी खंड्याचा दोर सोडून त्याला जोडला. खंड्या सुटला तो थेट कोरड्या तळ्यात, पलीकडच्या वस्तीवरच्या शरणप्पांच्या दोन कुत्र्यांत.

मामा काठी घेऊन धावले. एकानं खंड्याची मान धरलेली.

"शरणप्पा, तुझे कुत्रे माझ्या कुत्र्याला फाडून राहिलेत."

शरणप्पा बांधावरून हलले नाहीत. "खेळून राहिलेत मामा. रक्त दिसतंय का बघा की."

मामांनी वाकून बघितलं. रक्त नव्हतं. मान धरणारा पळाला, खंड्या त्याच्या मागं. मग खंड्याच उताणा पडला, उठला, पुन्हा पळाला.

"हरलं कोण?" मामांनी विचारलं. काठी त्यांनी खाली टेकवली.

संध्याकाळी खंड्यानं सगळी भाकर संपवली आणि मेंढरांपुढं गुमान आडवा झाला. शेजारचं पोर त्याच्या शेपटीवर पाय देऊन गेलं, तरी गुरगुरला नाही. रोज तळ्यात खेळला, आठवड्यात अंग धरलं.

"पळाला तवा भरला, बसला तवा वाळला. हे उलटं कसं?"

"तुमीबी पळून बघा जरा," मामी म्हणाल्या.

नवव्या दिवशी लांडगा आला. खंड्या समोरून गेला, शरणप्पांचे दोघं दोन्ही अंगांनी. तळ्यात एकमेकाला घेरायचे तसंच घेरलं त्याला, आणि पार ओढ्यापलीकडं हाकललं. मामांनी मेंढरं दोनदा मोजली. बाराच्या बारा.

मग ते शरणप्पांकडं गेले. घसा खाकरला, पण त्यांना कुठलीच गोष्ट सापडेना.

"उद्या," मामा म्हणाले, "हे किती वाजता खेळतेत? मीबी येतो."