बॅटनला पाय लागतो तेव्हा

गोव्यातल्या सुर्ल्याच्या हायस्कुलातले पी.टी.चे मास्तर सगुण मळीक यांचा रिलेवरचा राग एकतीस वर्षांचा होता, आणि रागाला कारणही तसंच होतं. लांब उडी म्हणा, गोळाफेक म्हणा, शाळेला दरवर्षी काही ना काही बक्षीस यायचं. पण मुलींची चार गुणिले शंभर मीटर रिले तालुक्याच्या पुढं एकदाही सरकली नव्हती. बरं, मुली धावायला कमी होत्या असंही नाही. घात करायची ती फूटभर लांबीची पोकळ नळी. येत्या मे महिन्यात मास्तर निवृत्त व्हायचे होते, म्हणजे यंदाची खेप शेवटची.

एका वर्षी बॅटन देऊन झाल्यावर एक पोर आनंदाच्या भरात शेजारची लेन ओलांडून मैत्रिणीकडे पळाली. मागून येणारी तिच्यावर आदळली, संघ बाद. दुसऱ्या वर्षी देता देता बॅटन पडलं, तर देणारी दमलीय म्हणून घेणारीनंच ते वाकून उचललं. शाळेत शंभर वेळा सांगितलं होतं की जिच्या हातून पडलं तिनंच उचलायचं. पुन्हा बाद. एकदा तर कमाल झाली. मागची धावपटू अमुक जागी पोचली की पुढचीनं सुटायचं, म्हणून लेनमध्ये एक खूण ठेवतात. चिकटपट्टी संपली होती, मास्तरांनी खुणेला चप्पल ठेवली. कुणाच्या तरी आईनं ‘कोणाची गो ही व्हाण?’ म्हणत ती उचलून झाडाखाली नीट ठेवली. पोर बिचारी खूण शोधत उभीच राहिली. मास्तर त्या दिवशी घरी जेवले नाहीत.

या सगळ्यावर कडी केली ती क्षमानं, गेल्या वर्षी. क्षमा नववीत होती. बाप सदाशिव खाणीवरचा ट्रक चालवायचा. वळणावर अशी धावायची की मास्तरांनी तिला डोळे मिटून तिसरी ठेवली. शर्यतीत संघ सगळ्यांच्या पुढं होता. शेवटी धावणाऱ्या पल्लवीला देताना बॅटन निसटलं आणि क्षमाच्याच बुटावर पडलं. नियमाप्रमाणं तिनं ते स्वतः उचललं. इथपर्यंत सगळं ठीक. मग तिनं डोळे मिटले, बॅटन कपाळाला लावलं, आणि नंतर सावकाश पल्लवीच्या हातात दिलं. तोवर दोन शाळा पुढं निघून गेल्या होत्या. पुढच्या फेरीला पहिल्या दोनच शाळा जातात, आणि सुर्ला तिसरी.

“गो, कपाळाक कित्याक लायलें?” मास्तरांचा आवाज चिरकला होता.

“सर, पाय लागलो ताका.”

“लागूं दी! प्लास्टिकचो पाईप तो!”

“पूण सर, तुमीच दसऱ्याक पूजेक घालतात न्हय?”

हे खरंच होतं, आणि नेमका त्याचाच त्यांना जास्त राग आला. दरवर्षी खंडेनवमीला खेळाच्या खोलीत टेबलावर गोळा, थाळी, बॅटन, शिट्टी, स्टॉपवॉच मांडून ते स्वतः हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे. वर भाषणही ठोकायचे, की ही आपली हत्यारं, यांना कधी पाय लागता कामा नये. पोरगी भाषण इतकं मनावर घेईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. एरवी वर्गात सांगितलेलं एक अक्षर कुणाच्या डोक्यात राहत नाही.

यंदा जुलैपासूनच मास्तरांनी सराव मांडला. मागं वळून बघायचं नाही, ‘हात’ अशी हाक आली की तळवा मागं करायचा, तीस मीटरच्या पट्ट्यातच देणंघेणं उरकायचं. शेवटी खास क्षमासाठी बॅटन मुद्दाम पाडायचं. पायावर पाडून उचलायचं, थेट द्यायचं. चाळीस वेळा पाडलं, त्यातल्या अडतीस वेळा तिचा हात कपाळाकडे गेला.

“हात खाली!” मास्तर ओरडायचे.

“सर, तो आपसूक वयर वता,” क्षमा रडवेली होऊन सांगायची. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तर मास्तरांना हात चोळत बसावं लागायचं.

हताश होऊन ते तिच्या बापाकडे तक्रार घेऊन गेले. सदाशिव ट्रकाखालून बाहेर आला. मास्तरांचं सगळं म्हणणं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, तिका रागयू नकात,” तो म्हणाला. “आमच्याकडेन पान्याक पाय लागलो तरी आमी पाया पडतांव. पूजेक बसलें ताका पाय लागूंक फावना.”

“मागीर हांवें करचें कितें?”

“पूजेक घालूं नकात,” सदाशिव म्हणाला आणि परत ट्रकाखाली गेला.

इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याचा मास्तरांना घरी पोचेपर्यंत संताप येत राहिला. पण खंडेनवमीला त्यांनी तेच केलं. गोळा, थाळी, शिट्टी, स्टॉपवॉच टेबलावर मांडलं. बॅटन कपाटात राहिलं.

“सर, बॅटन?” क्षमानं विचारलं.

“यंदा ना. तें कपाटांत रावतलें.”

कपाटाला कडी घालताना त्यांना स्वतःलाच चोरी केल्यासारखं वाटलं.

नोव्हेंबरात साखळीच्या मैदानावर तालुक्याची शर्यत झाली. मास्तर शेवटच्या बदलाच्या जागेजवळ दोरीला पोट लावून उभे होते, गळ्यात स्टॉपवॉच. पहिली सिद्धी जोरात सुटली, दुसऱ्या तेजस्विनीनं अंतर वाढवलं, क्षमा वळणावर वाऱ्यासारखी आली. ‘हात!’ अशी तिची हाक ऐकू आली. पल्लवीनं न वळता तळवा मागं केला. बॅटन तळव्याला लागलं, निसटलं, आणि टप्पा खाऊन क्षमाच्या पायावर आलं.

“मेलों,” मास्तर म्हणाले.

पल्लवी पट्टा संपायच्या दोन पावलं अलीकडे थांबली, शिकवलं होतं तशी. क्षमा वाकली, बॅटन उचललं. तिचा हात वर निघाला. छातीपर्यंत आला. तिथं तो क्षणभर थबकला आणि मग सरळ पुढं जाऊन पल्लवीच्या तळव्यात बॅटन ठेवून मोकळा झाला. पंचानं पांढरं निशाण वर केलं.

मास्तरांनी दोन्ही हात उंचावून उडीच मारली. त्या हिसक्यात गळ्यातली जुनी दोरी तुटली, स्टॉपवॉच तांबड्या मातीत पडलं आणि मास्तर नेमके त्याच्यावर उतरले. ते घाईघाईनं वाकले. स्टॉपवॉच उचललं, शर्टाला पुसलं, डोळे मिटून कपाळाला लावलं, मग एकेका डोळ्याला लावलं. डोळे उघडले तेव्हा पल्लवी रेषेच्या पलीकडे होती आणि मैदानात आरडाओरडा चालला होता.

“कितवी? सुर्ला कितवी आयली?” त्यांनी शेजारच्या माणसाचा दंड धरला.

“दुसरी. तुमी हांगाच आशिल्ले न्हय? पळोवंक ना?”

दुसरी. म्हणजे पुढं गेली. एकतीस वर्षं ज्या शेवटच्या शंभर मीटरसाठी घसा फोडला, ते मास्तरांनी पाहिलेच नव्हते. हातातलं घड्याळही पायाखाली येऊन बंद पडलं होतं. रागवायला समोर कुणीच नव्हतं.

क्षमा धापा टाकत आली. बॅटन तिनं पल्लवीकडून मागून आणलं होतं.

“सर, तुमी सकयल कित्याक वांकल्ले?”

मास्तरांनी स्टॉपवॉच खिशात सारलं. “कांय ना.”

ती त्यांच्या कपाळावरच्या तांबड्या मातीकडे बघत राहिली. मग बॅटन दोन्ही हातांत धरून तिनं हळूच विचारलं, “सर, आतां लावूं?”

“लाव,” मास्तर करवादले. “आनी मागीर म्हाका दी.”