एकही सडलं नाही

माझे दोन्ही मुलगे फौजेत होते आणि सौंसरात ही गोष्ट माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण होतं, कारण आमच्या ह्यांनी तशी सोयच ठेवली नव्हती. थोरल्याने सुटीत आणून दिलेला हिरवा फौजी स्वेटर हे दिवाळीपासून होळीपर्यंत अंगातून काढत नसत. बसस्टँडवर कुणी थंडीबद्दल एक शब्द काढला की ह्यांचं उत्तर सौंसरच्या थंडीवरून निघून थेट पठाणकोटला जाऊन थांबायचं. छिंदवाड्याच्या बसचा कंडक्टर ह्यांना पुढची सीट द्यायचा, तिकीट मात्र पूर्ण घ्यायचा. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. पंधरा ऑगस्टला मोठ्या बाई मला पहिल्या रांगेत, तहसीलदारांच्या बायकोशेजारी खुर्ची देत. मी नको नको म्हणायची आणि बसायची. अभिमान मलाही होता, खोटं कशाला बोलू. फक्त तो अंगात घालून हिंडायची मला सवय नव्हती.

थोरला पायदळात होता. धाकटा जबलपूरला फौजी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता, आणि त्याच्याबद्दल लोक "म्हणजे मेकॅनिकच ना?" असं विचारत. रामाकोन्याच्या रस्त्याला आमची दोनशे झाडांची संत्र्याची बाग होती. बहार आला की हे दोघांनाही टपालाने एकेक लहान पेटी पाठवत. त्या पेट्यांना ते गड्यांचा हात लागू देत नसत. देठ ठेवून स्वतः फळ तोडायचं, भाताच्या तणसाचा थर द्यायचा, वरून पोतं शिवायचं, एवढं सगळं झालं की पत्ता लिहायला मला बोलवायचं. पोस्टमास्तर दर वेळी बजावत की फळं नासली तर खात्याची जबाबदारी नाही. हे दर वेळी सांगत की ही फळं नाहीत, जवानांचं सामान आहे. मग पेटी घेतली जायची.

आता संत्रेवाल्यांची एक रीत सांगायला हवी. माल किती लांब जायचा त्यावर आमच्याकडे फळ किती हिरवं तोडायचं ते ठरतं, आणि पोचल्यावर किती सडलं त्यावरून वाटेत किती दिवस गेले ते कळतं. जबलपूरची पेटी चार-पाच दिवसांत पोचायची आणि बेचाळीसातली तीन-चार सडायची. धाकटा हा आकडा प्रत्येक पत्रात न चुकता कळवायचा, वर पोतं नीट शिवलं नव्हतं असंही लिहायचा. "देशाचं रक्षण करून राहिला का संत्रे मोजून राहिला हा?" असं म्हणून हे ते पत्र बाजूला टाकत. थोरला शहाऐंशी साली पठाणकोटला होता तेव्हा निम्मी सडली होती. तेही त्याने लिहिलं होतं, पण त्या पत्राची ह्यांनी बसस्टँडवर तारीफच केली, कारण निम्मी सडण्याइतका लांब गेलेला मुलगा गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

सत्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर थोरल्याची पत्रं उशिरा येऊ लागली आणि आखूड झाली. पत्त्यावर गावाचं नाव नव्हतं, नुसते आकडे होते. मजेत आहे, काळजी करू नये, जागेचं नाव लिहायची परवानगी नाही, एवढंच असायचं. मला एकच गोष्ट हवी होती, तो कुठे आहे. गावाचं नाव नको, निदान तिथे थंडी आहे की उकाडा, एवढं कळलं असतं तरी मी त्याला मनातल्या मनात पांघरूण घातलं असतं किंवा काढलं असतं. ते सुद्धा कळेना. दिवाळीच्या सुट्टीत तो आला नाही. हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या आंबिया बहाराच्या तीन पेट्या त्या आकड्यांवर गेल्या आणि तिन्ही वेळा उत्तर आलं की पेटी मिळाली, संत्री गोड होती, सगळ्यांनी खाल्ली, एकही सडलं नाही.

तिसऱ्या पत्रानंतर हे तिन्ही पत्रं घेऊन अंगणात बसले. मग मला हाक मारली.

"एकही नाही सडला, म्हणजे दोन दिवसांत पोचून राहिली पेटी," हे म्हणाले. "पोट्टा कामठीले आहे."

कामठीची छावणी नागपूरच्या पलीकडे, आमच्यापासून बसने तीन-साडेतीन तास. मी म्हटलं, तो खोटंही लिहीत असेल. ह्यांनी मला ठणकावलं की फौजी खोटं बोलत नाही. वीस वर्षं वर्गात उभी राहिलेली मी, गृहपाठ घरी राहिला म्हणणारी शेकडो तोंडं पाहिलेली, पण त्या दिवशी वाद घातला नाही. मला ते खरं असायला हवं होतं. मी मनात मांडे खाऊ लागले. मग राग आला की इतक्या जवळ असून दिवाळीला येत नाही. शेजारीण म्हणाली, तिकडे कुणी पाहून ठेवली असेल. त्यावरही मला आठवडाभर बरं वाटलं, कारण न विचारता आणलेली सून गोळीपेक्षा केव्हाही परवडते.

संक्रांत झाल्यावर आम्ही दोघं निघालो. ह्यांना एकटं पाठवलं असतं तर परत येताना गोष्ट घेऊन आले असते, म्हणून मी शाळेत रजा टाकली. बरोबर तिळाचे लाडू होते आणि संत्री होतीच. छावणीच्या फाटकावरच्या शिपायाने आधी ह्यांच्या स्वेटरकडे पाहिलं, मग ह्यांच्या धोतराकडे. आमचा मुलगा आत आहे, त्याला बोलवा, असं हे त्याला सांगू लागले. थोड्या वेळाने एक वयस्कर सुभेदार आला. त्याने आम्हाला बाकावर बसवलं, थोरल्याचं पत्र हातात घेऊन वरचे आकडे वाचले आणि आम्हाला इथे कुणी पाठवलं ते विचारलं. ह्यांनी त्याला सगळं समजावून दिलं. देठ, तणस, जबलपूरचे तीन-चार, पठाणकोटचे निम्मे आणि इथला एकही नाही. सुभेदार अजिबात हसला नाही. त्याने फक्त विचारलं की पत्रं किती दिवसांत येतात.

"बावीस-पंचवीस दिवस," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं. पेटी जर दोन दिवसांत जात होती तर पत्राला पंचवीस दिवस का लागावेत? तीन महिने पत्रांवरचे तारखांचे शिक्के माझ्या हातात होते. हे म्हणायचे की फौजेत पत्रं तपासतात, त्याला वेळ लागतो, आणि मी मान डोलवायची.

सुभेदाराने आमच्यासाठी चहा मागवला. आमचा चहा होईपर्यंत तो उभाच राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही. मग मला म्हणाला, "माताजी, इस नंबर पर फल मत भेजिए. चिट्ठी भेजिए, चिट्ठी पहुँच जाती है."

कुठे आहे ते त्याला सांगता येणार नाही हे मला कळत होतं. म्हणून मी विचारलं, तिथे थंडी आहे का उकाडा. त्याने थोडा विचार केला.

"गरमी है, माताजी."

पौषात उकाडा असेल अशा एकाच ठिकाणी त्या वर्षी आपली फौज लढत होती. त्या लंकेचं नाव रोज रेडिओवर येत होतं आणि कधी कधी नावामागून मेलेल्या जवानांचा आकडाही. आम्ही निघालो तेव्हा सुभेदाराने ह्यांना कडक सॅल्यूट ठोकला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं, पण ह्यांना काय करावं सुचेना. त्यांनी हात जोडले. संत्री आणि लाडू आम्ही फाटकावरच्या शिपायाला दिले.

 परतीच्या बसमध्ये सावनेरला हे म्हणाले, "तीन पेट्या. एकही नाही खाल्ला त्यानं." मला भीती वाटत होती.  आणि भीतीच्या वर, मला त्या पोराचा भयंकर राग आला होता.

त्याला पत्र नेहमी मी लिहायची. या खेपेला ह्यांनी स्वतः लिहिलं. कामठीचं काही लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "खोटे बोलायचे तर नीट बोलावे. सौंसरची पेटी कुठेही जावो, दोन-चार सडल्याशिवाय राहत नाही. यापुढे तसे कळवणे." खाली मी लिहिलं, तब्येत सांभाळ.

मग पत्र आलंच नाही. माघ गेला. मृगात फुललेला दुसरा बहार तोडणीला आला. जबलपूरला पेटी गेली, थोरल्याची शिवली नाही. पोस्टमास्तरांनी आपणहून विचारलं की या वेळी एकच कशी, तर हे म्हणाले, झाडांनी माल कमी धरला. होळी झाली. स्वेटर धुऊन ट्रंकेत गेला. बसस्टँडवर लोक विचारत आणि हे धाकट्याची खबर सांगत. मी वर्गात एकच गणित दोनदा घातलं आणि मुलींनी ते मुकाट्याने दोनदा सोडवलं. पोस्टमन शाळेवरून जायचा, तेव्हा तो थांबला नाही तर वाईट वाटायचं आणि थांबला तर मी फळ्याकडे तोंड फिरवायची.

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते तेव्हा पत्र आलं. हे ओट्यावर होते. मी मोठ्याने वाचलं.

"ती. बाबा व आईस साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे. बाबांचे पत्र मिळाले. मृगाची पेटीही मिळाली. बेचाळीसपैकी चार सडली होती, एक आंबट निघाले. बाकी गोड होती."

आम्ही पेटी पाठवलीच नव्हती. पत्रावरची तारीख पंचवीस दिवसांपूर्वीची होती, म्हणजे पंचवीस दिवसांपूर्वी तो जिवंत होता आणि बापाचं ऐकत होता. ह्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं आणि रडू लागले. बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी शेजारी बसले आणि मीही रडले. मग त्यांनी डोळे पुसले, वहाणा घातल्या आणि पोराच्या पेटीतली चार संत्री सडली हे सांगायला बसस्टँडवर गेले.