दानेश्वरीचं कुंकू

संतपूर मागं पडलं तेव्हा दानेश्वरीनं चपला काढून पिशवीत टाकल्या. श्रावणी सोमवार. आम्ही दोघी शेजारणी पायीच औरादला अमरेश्वराच्या दर्शनाला निघालो होतो. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, एरवीच्या दुप्पट.

"एवढं मोठं कामून गं?"

"लांबून दिसावं म्हणून, अक्का. परवा दुकानात एकीनं मला बघून पदर आवरला."

दानेश्वरी सिनेमात काम करते म्हटलं की लोकांना मोटारगाडी आठवते. तिच्याकडं शिलाई मशीन आहे. गणपतीतल्या नाटकात तिचं काम पाहून पुण्याच्या पोरांनी आपल्या कमी खर्चाच्या सिनेमात तिला घेतलं. बाकीचे नटही आसपासचेच. सासरा झालेल्या बंडेप्पाची पिठाची गिरणी आहे. अजून बाया दळण ठेवताना "मामंजी, बारीक काढा" म्हणतात आणि तोही खर्जात "ठेवा सूनबाई" म्हणतो.

दानेश्वरी त्या सिनेमात त्याची विधवा सून होती. शूटिंगसाठी कुंकू तिनं स्वतःच्या हातानं पुसलं. संध्याकाळी तोंड धुतलं, कुंकू लावलं आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

सिनेमा थेटरात लागला नाही. गावात मात्र देवळापुढं चादर बांधून दाखवला, आणि पुढच्याच महिन्यात तिचा नवरा वीरेश ट्रॅक्टरवरून पडला. पाय मोडला. कुंकू पुसल्याचं फळ, असं गाव म्हणालं. सासूनं, रुद्रम्मा अत्तीनं, पूजेचं ताट तिच्या हातून काढून घेतलं. श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्णी जेवायला बोलावतात, तिला कुणी सांगेना. "ब्रेक लागला न्हाई म्हणून पडलो," असं वीरेश लंगडत लंगडत सगळ्यांना सांगतो. ऐकतंय कोण?

"बंडेप्पा तर त्याच सिनेमात मेला," दानेश्वरी म्हणाली. "तिरडीवर निजला, गळ्यात हार घातला. त्याला काय झालं? पोट सुटलंय नुसतं!"

मला हसू आवरेना. ती मात्र थांबली.

"दुसरा सिनेमा आलाय. परत विधवाच. पण यावेळी सगळी गोष्ट तिचीच हाय, अक्का. अत्ती म्हणायल्यात, हे केलंस तर उंबरा चढू नको."

"मग?"

"मग काय? दसऱ्यानंतर जायलाव. सकाळी मी फोन करून व्हय म्हणले आन् मगच निघाले."

मी देवाधर्माची बाई.

"भ्या वाटत न्हाई तुला?"

"वाटतंय की. म्हणून तर अनवाणी चाललेय. पण मी सोंग करायलाव का खरं, एवढं देवाला कळत न्हाई व्हय? माझ्या देवाला कळतंय. गावाच्या देवाचं गावानं बघावं."

औरादची घरं दिसायला लागली तशी ती रस्त्याकडेच्या लिंबाखाली उभी राहिली. घामानं कुंकू ओघळून नाकावर आलं होतं. तिनं ते पुसलं नाही. पिशवीतून करंडा काढून माझ्या हातात दिला.

"ह्या शुक्रवारी तुझ्याकडं सवाष्णी जेवायला हायेत न्हवं? मला सांग. मागल्या दारानं, सगळ्या उठून गेल्यावर, तसं न्हाई. अत्तीला बी बोलव. तिच्यासमोर, सगळ्यांच्या आधी, पहिलं कुंकू मला लाव. ज्यांना उठून जायचंय त्यांना जाऊ दे. लावशील न्हवं, अक्का?"