रत्नाबाईचं मडकं

प्रिय भगिनींनो,

आज सकाळी भक्तीच्या वेळी रत्नाबाई गीत म्हणता म्हणता कोसळली, हे तुम्ही पाहिलंत. पुढचं माझ्याच तोंडून कळावं, म्हणून लिहिते.

मी तिला टांग्यातून नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काल काय जेवलीस?"

"च्या घेतला हुता."

तिच्या अंगावर पिणारं चार महिन्यांचं पोर आहे. स्वयंपाकाआधी देवासाठी मूठभर ज्वारी मडक्यात काढून ठेवायची आणि मडकं भरलं की रविवारी अर्पण करायची, ही आपली रीत ती पाळत होती. पण रेशनच्या या दिवसांत काढायची कशातून?

"पोरांच्या वाटचं कसं काढू? माझ्याच वाटचं काढलं," ती मला म्हणाली. "तुमी गेल्या रविवारी समद्यांम्होरं माझं मडकं दाखवलं. मंग कमी कसं करायचं, बाई?"

दाखवलं होतं खरं. तिचं मडकं सर्वांत आधी भरतं, याचं मी कौतुक केलं. ते कसं भरतं, हे विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "ज्वारी देवाची, आणि हिचं शरीर काय सैतानाचं?"

दुपारी तिने अर्पण केलेली ज्वारी मी तिच्या घरी परत नेली. "देवाचं माघारी घेत्यात व्हय?" म्हणत ती घेईना. शेवटी मीच जात्यावर दळून भाकरी केली. पहिला घास घेताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू परवानगी मागत होती.

तुमच्यापैकी आणखी कुणी आपल्या वाटचं काढतं आहे का? मला सांगा. त्यात तुम्ही लाजू नका. लाजायचं ते मी.