दहा माणसं

चौलकर सर काल गेले आणि ग्रुपवर नालायक लोक रडायला लागले.

तोच ग्रुप. आपल्या कुवेतच्या मराठी मंडळाचा. आता निम्मे पुण्यात, निम्मे कॅनडात.

'ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व.' 'मंडळाचा आधार हरपला.' खाली जोडलेल्या हातांची रांग.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

डी. ए. चौलकर. मुंबईच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी.

डी म्हणजे डॅनियल. मंडळाच्या पत्रिकेवर 'दत्तात्रय' छापायचे. सरांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

विद्यार्थी आटले, विभाग बंद झाला. त्यांची बायको शोभाताई कुवेतला हॉस्पिटलात नर्स होती. नव्वदीच्या मध्यावर सर तिच्याकडे, तिथल्या हवल्ली भागात राहायला आले.

व्हिसाचा फॉर्म एजंटने भरला. धर्माच्या रकान्यात त्याने परस्पर 'हिंदू' लिहिलं. सरांनी वाचलं आणि सही केली.

वीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडून तिथल्या एका शाळेने मुलांची नखं तपासून घेतली. विषयाचं नाव मूल्यशिक्षण.

मी त्यांच्याकडे तर्कशास्त्र शिकायला जायचे. तेव्हा तिथे शनिवारी शाळा, ऑफिसं चालू असत. पण शनिवारी सर खडू हातात घेत नसत. घरी गॅस पेटवत नसत. यहुद्यांचा तो विसाव्याचा वार. मला तोंडी सांगायचे, "तू लिही."

मंडळाने यातून काय निष्कर्ष काढावा?

सरांना साडेसाती आहे.

सेक्रेटरी देवधरकाका नाशिकहून मारुतीची तसबीर घेऊन आले. सोबत तेलाची बाटली.

"सर, दर शनिवारी न चुकता. महिन्याभरात फरक बघा."

सरांनी तसबीर पुस्तकांच्या फडताळावर ठेवली.

मी नंतर विचारलं, "तुम्ही का नाही सांगितलंत?"

"शनीचं आहे असं मी म्हटलं नाही. ते म्हणाले."

"म्हणजे खोटंच ना?"

"तेच तर लिहितोय."

त्यांनी आयुष्यभर एकच पुस्तक लिहिलं. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं का? ग्रुपवर आज हळहळणाऱ्यांपैकी एकानेही ते उघडलेलं नाही.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात शोभाताई ड्युटीवरच कोसळल्या. त्याच संध्याकाळी गेल्या.

मी कॉलेजच्या सुट्टीत कुवेतला घरी आले होते. सकाळी सरांकडे गेले. ते म्हणाले, "मंडळाची डिरेक्टरी काढ. नंबर वाच."

शवपेटी मुंबईला जायची होती. ती बंद व्हायच्या आधी, शवागाराच्या अंगणात, त्यांना मृतासाठीची प्रार्थना म्हणायची होती. तिला दहा पुरुष लागतात. त्यांना धरून दहा.

"मुंबईत म्हणता येईल की, सर."

"मुंबईत माझी माणसं आहेत. तिची इथे आहेत."

ते खरं होतं. त्या डिरेक्टरीतल्या प्रत्येक घरी शोभाताईंनी जाऊन इंजेक्शनं दिली होती.

सरांनी नऊ फोन केले. प्रत्येक वेळी तेच शब्द, संथ आवाजात.

"मी यहुदी आहे. शोभाही होती. दहा यहुदी इथे मिळणार नाहीत. तुम्ही काही म्हणू नका, नुसते उभे राहा."

नऊही जणांनी सांगितलं, "येतो सर."

त्यातला एक फोन आमच्या घरी, बाबांना होता. मी घरी परतले तेव्हा देवधरकाका बाबांसमोर बसले होते.

"सत्यनारायणाला तीर्थ द्यायला बसवला होता हो आपण त्याला! फसवलं आपल्याला."

"शिवाय इकामा आहे आपला," बाबा म्हणाले. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. "इथे यहुद्यांच्या प्रार्थनेला गेल्याचं कळलं तर नसती भानगड. तूही जाऊ नकोस."

भीती मला समजते. ज्यांना भीती वाटत होती त्यांनी फोनवर नाही म्हणायचं होतं. एका म्हाताऱ्याला उन्हात वाट बघायला लावायची नव्हती.

मी गेले.

अंगणात सर एकटे. डोक्यावर टोपी, हातात कागद. देवनागरीत लिहिलेली हिब्रू.

मग सावंत आले. शोभाताईंच्या हॉस्पिटलातले लॅब टेक्निशियन, जलीबच्या कामगार वस्तीत एका खोलीत चौघं राहायचे. मंडळाने त्यांना कधी बोलावलं नव्हतं, कारण कार्यक्रम 'फक्त फॅमिलीसाठी'. त्यांना कोणी फोनही केला नव्हता. वॉर्डात ऐकलं आणि खोलीतल्या तिघांना घेऊन आले.

"सर, आमचं चालंल ना?"

"चालेल."

सरांना धरून पाच.

तास गेला. कोणी आलं नाही.

मी म्हटलं, "सर, मला धरा."

"धरता येत नाही."

"हे यहुदी नाहीत, तरी चालतात. मग मी का नाही?"

"एक नियम मोडलाय, बाई. दुसरा मोडायचा धीर नाही."

याचा राग मला अजून आहे. ते गेले म्हणून तो गेलेला नाही.

शववाहिकेच्या ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं. सरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. पेटीवर हात टेकवून एवढंच म्हणाले, "शोभा, माणसं जमली नाहीत गं."

पेटी बंद झाली.

पुढच्या गणपतीत मंडळाने सरांचं दरवर्षीचं भाषण ठेवलं नाही.  खुर्च्या त्यांच्यापासून जरा लांब मांडल्या गेल्या. वर्षभरात सर कुवेत सोडून ठाण्याला राहायला गेले. जाताना मारुतीची तसबीर पुसून, कागदात गुंडाळून देवधरकाकांना परत दिली. काकांनी ती घेतलीसुद्धा.

आज सकाळी सर्वांत लांबलचक श्रद्धांजली देवधरकाकांचीच आहे. 'आम्ही कायम सरांच्या पाठीशी उभे राहिलो.'

काका, त्या दिवशी नुसतंच उभं राहायचं होतं.

आणि बाबा, तुम्हीही हात जोडलेत. पाहिलं मी.

दफन आज सकाळी ठाण्याला झालं. सावंत पहाटेच्या गाडीने आले होते. त्यांचे केस पिकलेत. सरांच्या लोकांनी माणसं मोजली. दहा भरले. प्रार्थना झाली. त्या दहांत सावंत नव्हते, मीही नव्हते. आम्ही दोघं भिंतीपाशी शेवटपर्यंत उभे होतो.

सर, ग्रुपवरच्या हातांतला एकही हात मोजणीत धरू नका.

बरं, या आता.