कुलूपचा उत्तरार्ध

आमच्या क्लबच्या तिकीटखिडकीवर जी उंच भिंत आहे, तिच्यावर एका माणसाचं दोन मजली चित्र रंगवलेलं आहे. चार जणांच्या खांद्यांवर बसलेला, गुडघे चिखलाने माखलेले, आणि चेहऱ्यावर काहीही नाही. ना हसू, ना रडू. त्याला सगळे कुलूप म्हणतात. खरं नाव पंप कारखान्याच्या हजेरीपटावर होतं, तेवढंच. बचावफळीत तो उभा राहिला की दार बंद, म्हणून कुलूप. आणि बोलायला तोंड उघडत नसे, म्हणूनही कुलूप. चारशे एकतीस सामने खेळला. गोल केले दोन. त्यातला एक आपल्याच जाळ्यात.

मी त्या क्लबच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली. पत्रं टाइप करणं, तिकिटांचे गठ्ठे बांधणं, फोन घेणं आणि सामन्याच्या दिवशी वाटायचं चार पानी पत्रक लिहिणं, ही माझी कामं. कुलूपची जी गोष्ट आज लोक एकमेकांना सांगतात ती पहिल्यांदा मी लिहिली. त्यामुळे ती नीट करून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात आहे.

तो एकोणीस वर्षांचा असताना आमच्याकडे आला. सकाळी सात ते तीन कारखान्यात लेथ मशीनवर, चारला मैदानात. हातांना तेलाचा वास कायमचा. अंगाने देखणा नव्हता आणि पळायलाही फार वेगवान नव्हता. पण समोरचा खेळाडू चेंडू घेऊन कुठे वळणार, हे त्याला त्या समोरच्याच्या आधी कळायचं. त्यामुळे पळायची वेळच येत नसे. मोठ्या क्लबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "कारखाना लांब पडेल." याला लोक नंतर निष्ठा म्हणू लागले. माझ्या मते कारखाना खरंच लांब पडला असता.

बायको पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होती. माणूस पार्सल घेऊन समोर आला की काट्यावर ठेवायच्या आधीच ती वजन सांगायची, आणि सहसा बरोबर सांगायची. तिला फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. एकदा सामना संपवून तो घरी आला तेव्हा मी सोबत होतो. तिने विचारलं, "कोण जिंकलं?"

"कोणीच नाही. बरोबरी."

"मग एवढा वेळ काय करत होता तुम्ही सगळे?"

कुलूप त्या दिवशी हसला होता. मोठ्याने हसला होता, म्हणून माझ्या लक्षात आहे.

मुलगी अकरा वर्षांची असताना बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली. पाच आठवडे ती दवाखान्यात होती. तो सकाळी कारखान्यात जायचा, तीनला दवाखान्यात, तिथून सरावाला, पुन्हा दवाखान्यात. मुलीला तिच्या मामाने आपल्या घरी नेलं होतं. त्या काळात तो सरावाला एकदाही उशिरा आला नाही. कोच म्हणायचा, "घड्याळ लावून घ्यावं असा माणूस." आम्ही माना डोलवायचो. घरी थांबला असता तर बरं, असं आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नाही.

हंगामातला शेवटचा सामना होता. हरलो तर खालच्या लीगमध्ये घसरणार, बरोबरी झाली तरी वाचणार, अशी वेळ. सकाळी तो दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, तब्येत कालच्यासारखीच आहे. ती म्हणाली, "जा तुम्ही. इथे बसून नुसते माझे श्वास मोजत बसता." मामा आणि मुलगी तिच्याजवळ थांबले. तो मैदानावर आला.

त्या दिवशी कचेरीतला फोन दुपारपासून थांबत नव्हता. तिकिटं उरलीत का, दार किती वाजता उघडणार, हेच. खेळ सुरू व्हायला अर्धा तास असताना मी वैतागलो आणि रिसिव्हर काढून टेबलावर आडवा ठेवला. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आठवण झाली. जागेवर ठेवला, तोच वाजला.

मामा होता. "तासाभरापासून लावतोय," तो म्हणाला. "ताई गेली. दाजींना सांगा."

मी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन कोचच्या कानात सांगितलं. कोचने कुलूपला बाजूच्या न्हाणीघरात नेलं. तिथे ओले टॉवेल टाकायची एक लाकडी पेटी होती, तिच्यावर त्याला बसवलं आणि सांगितलं. मी दारात उभा होतो. कोच वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "जायचं की खेळायचं, तू ठरव. बाहेर माझी गाडी आहे. कोणी काही म्हणणार नाही."

कुलूप फरशीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "किती वेळ झाला?"

कोचने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "दहा मिनिटं. अजून पाच राहिलीत."

घंटा झाली. बाहेर सगळे उठल्याचा, बुटांचा आवाज झाला. तोही उठला, आमच्या दोघांमधून वाट काढून गेला आणि रांगेत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. कोचच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाला, "बघितलंस? असा माणूस पुन्हा होणे नाही."

मलाही तेच वाटलं.

उत्तरार्धात त्याने काहीच चुकीचं केलं नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना आमचा गोलरक्षक घसरला आणि चेंडू रिकाम्या जाळ्याकडे निघाला. कुलूप गोलरेषेवर उभा होता. चेंडू त्याच्या मांडीला लागून बाहेर गेला. शून्य-शून्य. आम्ही वाचलो. तोवर बातमी सगळ्या गॅलरीभर झाली होती. मीच तिकीटखिडकीवाल्याला सांगितलं होतं, तेवढं पुरलं. शिट्टी झाल्यावर लोक ओरडले नाहीत. नुसते उभे राहिले, हजारो माणसं. मग काही जण कुंपणावरून उड्या मारून आत गेले आणि त्यांनी त्याला खांद्यांवर घेतलं. भिंतीवरचं चित्र ज्यावरून काढलं, तोच तो फोटो. चेहऱ्यावर काहीच नसलेला. पाहणाऱ्याने त्यात हवं ते पाहावं.

दवाखान्यात पोहोचला तेव्हा साडेपाच वाजले होते. पायात बूट तेच होते. खालचे खिळे फरशीवर वाजत होते, आणि मुलीला तो दिसायच्या आधी तो आवाज ऐकू आला. हे मला मामाने सांगितलं.

हंगाम संपला होता, तरी पुढच्या आठवड्यात मी खास पत्रक काढलं आणि मथळा दिला: 'संसार मोडला, कुलूप नाही.' पत्रकाच्या सगळ्या प्रती संपल्या. पुन्हा छापाव्या लागल्या. माझ्या आयुष्यात तसं एकदाच झालं.

कुलूप आणखी चार वर्षं खेळला. मग लेथवर पूर्ण वेळ, मग निवृत्ती. दरवर्षी हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी क्लब त्याला मैदानाच्या मध्ये उभं करायचा. तो यायचा, उभा राहायचा, टाळ्या संपल्या की जायचा. बाप आपल्या पोरांना खांद्यावर घेऊन दाखवायचे. त्याच्या मुलीला शाळेत बाईंनी वर्गापुढे उभं केलं आणि वडिलांची गोष्ट सांगायला लावली. तिने सांगितली. त्यानंतर ती मैदानावर कधी आली नाही. मोठी झाल्यावर दूरच्या शहरात दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत लागली. बापलेकीचं भांडण असं नव्हतं. वर्षातून दोनदा यायची, घर साफ करायची, जायची.

त्या सामन्यानंतर सव्वीस वर्षांनी क्लबने नवीन गॅलरी बांधली आणि तिला कुलूपचं नाव द्यायचं ठरवलं. दारावर पितळी पाटी बसवायची होती. अध्यक्षांनी मला घरून बोलावून घेतलं. "मजकूर तुम्हीच लिहा. तो प्रसंग आला पाहिजे. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे."

मी लिहिला आणि दाखवायला त्याच्या घरी गेलो. मुलगी आलेली होती. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मीच वाचून दाखवलं. 'पत्नीच्या निधनाची वार्ता कळूनही ज्याने क्लबची साथ सोडली नाही,' असं काहीतरी होतं. मुलगी आमच्याकडे पाठ करून भांडी विसळत होती.

"हे तसं नाही, कारकून," तो म्हणाला.

"कसं नाही?"

"मी ठरवलं नव्हतं." त्याला सलग बोलायची सवय नव्हती, तरी बोलत राहिला. "मी कोचला विचारलं, किती वेळ झाला. म्हणजे ती जाऊन. तो म्हणाला, दहा मिनिटं. मनात म्हटलं, बरं. मग म्हणाला, पाच राहिलीत. कसली पाच राहिलीत ते मला कळेना. मी त्याचाच विचार करत होतो. तेवढ्यात घंटा झाली, सगळे उठले. मी उठलो."

"आणि मग?"

"मग काही नाही. बाहेर गेल्यावर वाटलं, दवाखान्याला जायची बस कुठली? रोज जायचो, पण नंबर आठवेना. चेंडू यायचा, मी मारायचो. मग पुन्हा नंबर आठवत बसायचो."

नळ बंद झाला. मुलगी वळली. हात पुसले नव्हते.

"बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. सगळ्यांना सगळं माहीतच होतं."

ती खुर्ची ओढून बसली. टेबलावर तिच्या हातांचं पाणी सांडत राहिलं. रडली वगैरे नाही. तिला नक्की काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. सव्वीस वर्षं एका गोष्टीचा राग धरायचा आणि मग ती गोष्ट घडलीच नव्हती असं कळायचं. त्या रागाचं पुढे काय करायचं हे कोणाला माहीत असतं?

तेव्हा मीही रिसिव्हरचं सांगून टाकलं. खेळ सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधीच ती गेली होती, मामा फोन लावत होता आणि माझा रिसिव्हर टेबलावर होता. मी काढून ठेवला नसता तर तो मैदानात उतरलाच नसता, ना फोटो झाला असता, ना चित्र.

कुलूपने माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्यावर पट्टी होती. "म्हणजे दहा मिनिटं नाही," तो म्हणाला.

"नाही. त्याहून बराच जास्त वेळ."

"हं," तो म्हणाला. मी आणखी काहीतरी ऐकायची वाट बघितली. तो म्हणाला, "पाटीवर सामने किती ते लिही. तेवढं खरं आहे."

अध्यक्षांना ते पटलं नाही. "यात दंतकथा कुठे आहे?" असं म्हणाले. पण चार दिवसांवर समारंभ होता, आणि मी दुसरं काही लिहून द्यायला तयार नव्हतो. पाटी तशीच लागली: कुलूप, चारशे एकतीस सामने, सुरुवातीचं वर्ष, शेवटचं वर्ष.

त्याने काही फरक पडला नाही. समारंभाच्या दिवशी लोक पाटीसमोर उभे राहून शेजारच्याला गोष्ट सांगतच होते. मुलगी आली होती. ती माझ्याबरोबर गर्दीत उभी होती. पलीकडच्या एका रंगाऱ्याने, कपड्यांवरच्या डागांवरून तो रंगारीच असावा, तिला सगळी गोष्ट ऐकवली. बायको मरताना म्हणाली होती, माझ्यासाठी जिंकून या, हेही त्यात आलं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"मला वाटतं, त्यांना तेव्हा काही सुचतच नव्हतं," ती म्हणाली.

रंगाऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, तुम्ही इथे नवीन दिसता. माझे वडील होते त्या दिवशी गॅलरीत." आणि तो दुसऱ्या कोणाकडे वळला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू म्हणावं इतकं नव्हतं.

फीत कापून झाली, सामना झाला, आम्ही हरलो. गर्दी ओसरल्यावर आम्ही तिघे दाराबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. कुलूपला उजेडाचा त्रास होत होता, म्हणून तो मान खाली घालून बसला होता. मग त्याने विचारलं, "ती गेली तेव्हा तिच्याजवळ कोणी होतं का?"

इतक्या वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं.

"मी होते," मुलगी म्हणाली. "मामा नर्सला बोलवायला गेला होता. मी होते."

"काही म्हणाली?"

"खिडकी लाव म्हणाली. वारा येत होता."

"लावलीस?"

"लावली. परत येऊन बसले, तोवर झालं होतं."

त्याने मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. "बरं केलंस," तो म्हणाला. "तिला वारा सोसायचा नाही."

ती त्याच्या बाजूला थोडी सरकली. पहारेकऱ्याने आतून एकेक दरवाजा लोटायला सुरुवात केली होती. मला घरी जायचं होतं, पण उठायचं कसं ते कळत नव्हतं, म्हणून मी बसून राहिलो.